ताई, क्षणवीर पुन्हा लागलाय

ताई, क्षणवीर पुन्हा लागलाय. तुम्ही गेल्यावर दुसऱ्याच रविवारी. सकाळी सवयीनं टीव्हीचं बटण दाबलं तर तोच शंख, तेच गरगर फिरणारं चाक आणि कमरेवर हात ठेवून उभा असलेला तो. मी होते तिथंच खाली बसले. काळाचं चाक कमरेला बांधून फिरतो म्हणे, आणि वेळ कशी साधली बघा. महिनाभर आधी आला असता तर तुम्ही पाहिला असता. दवाखान्यात तुम्ही विचारलं होतंत, 'मंदे, तो परत दाखवणार हायेत का गं?' मी म्हटलं, असली मालिका परत कोण दाखवतंय. घ्या, दाखवतायत.

शेजारपाजारची पोरं आली. भाऊजी बाहेर ओट्यावर पेपर घेऊन बसले. पेपर शनिवारचा होता. उजू सगळ्यांच्या पुढे, गुडघ्यावर हनुवटी टेकून. तुमची लेक तुमच्यासारखी बसते, पण ते तिला सांगायची सोय नाही, लगेच पाय सोडून बसते. मी मशीनवर एक ब्लाउज घेतला होता, पण पाय काही मारला नाही.

पुण्यानुमोदनाला लोक आले आणि तुमच्याबद्दल बोलले, ते ऐकून मला वाटलं, हे दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय. फार सोशिक होत्या, म्हणाले. तुम्ही आणि सोशिक. रॉकेलच्या रांगेत तुमच्याएवढं अख्ख्या कॉलनीत कोणी भांडलं नसेल. कोणी हे म्हणालं नाही, की चाळिशीतल्या या बाईनं पाठीवर ओढणी सोडून फिरणाऱ्या एका माणसावर जीव टाकला होता, आणि धाकट्या जावेनं, म्हणजे मी, त्याला नावं ठेवली की दोन दोन दिवस ती तिच्याशी मापापुरतंच बोलायची. छाती बत्तीस, बाही सात, संपलं. म्हणून ते मी लिहिते.

माझं म्हणणं मी आजही मागे घेत नाही. मालिका कच्ची होती. त्यांच्याकडे किल्ला एकच. क्षणवीर दोन हजार वर्षं मागे गेला तरी तोच बुरूज आणि तीनशे वर्षं मागे गेला तरी तोच, फक्त वरचा झेंडा बदलायचा. एकदा त्या बुरुजामागं विजेचा खांब दिसला आणि मी बोट दाखवलं, तर तुम्ही म्हणालात, 'असंल. तुला काय करायचंय?' भविष्यकाळ म्हणजे भिंतीला चिकटवलेला चंदेरी कागद. तो महाविलंब नावाचा दुष्ट एकदा हसायला लागला की थांबायचाच नाही, अर्धा भाग त्याच्या हसण्यातच जायचा. आणि ते चाक. लेखकाला गरज असली की चालायचं, नको असलं की अडकायचं, दर आठवड्याला नियम नवे. मी म्हणायचे, आपण असं शिवलं असतं तर गिऱ्हाइकानं ब्लाउज तोंडावर फेकून मारला असता.

तुम्ही किल्ल्याकडे बघतच नव्हतात. 'तो दमतो, ते बघ की,' म्हणायचात. हा क्षणवीर दिवसा घड्याळं दुरुस्त करायचा, आणि युगं पालथी घालून घरी आला की आधी माठातलं पाणी प्यायचा. मग आई ताट वाढायची आणि तो एक अक्षर न बोलता जेवायचा. ते जेवण तुम्हाला सगळ्या मारामाऱ्यांपेक्षा आवडायचं. हातातली सुई थांबायची. 'खाली बघून जेवतो,' म्हणायचात, 'नाटकातली माणसं इकडं तिकडं बघत जेवतात.' मी तेव्हा हसले होते. परवाच्या रविवारी नीट पाहिलं. खरंच भूक लागलेल्या माणसासारखा जेवतो तो, आणि चाक फिरवायच्या आधी दर वेळी घाबरतो. इतक्या भागांत तो एकदाही न घाबरता गेलेला नाही. हे मला तुम्हाला सांगायचं होतं, आणि सांगायला तुम्ही नाही.

एका बाबतीत मात्र तुम्ही माझ्याही वरचढ निघालात. तो भाग सोनेरी युगाचा होता. सगळीकडे सोनं, राजा मूठमूठ वाटतोय, प्रजा टाळ्या वाजवतेय. पोरं खूश. तुम्ही दातांनी दोरा तोडलात आणि म्हणालात, 'ह्यात आपण कुठं हायेत गं?'

समोरच्या कमलबाई म्हणाल्या, 'आपण कशाला असू तिथं?'

'तेच म्हणते मी. पाणी कोण भरतंय, मेलेली ढोरं कोण ओढतंय, ते दाखवत नायत. ह्याला मागं जायची लय हौस. आपल्याला तिथं इहिरीवर कोण चढू देणार होतं? आपण पुढंच जायचं बाबा.'

सगळे हसले, ओट्यावरून भाऊजीसुद्धा हसले. विजेचा खांब मला दिसला होता. पण त्या सोन्याच्या गावात माणसंच कमी आहेत, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मालिकेतला सगळ्यात मोठा दोष तुम्ही दोरा तोडता तोडता सांगून गेलात आणि तरी पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसलात. मागचं काही म्हटलं की तुमच्या कपाळाला आठी पडायची. पोरींना बजावायचात, मागं काय ठेवलंय, पुढं बघा.

मी या घरात आले तेव्हा मला काजंसुद्धा करता येत नव्हती. उजू तुमच्या पोटात होती आणि तुम्ही कात्री चालवताना सारख्या थांबून पाठ धरायचात. मला म्हणालात, 'तू मशीनवर बस, मी कापते. चुकलं तर उसवू.' माझ्या माहेरी चुकलं की बोलणी बसायची. उसवायला मिळतं हे मला इथं कळलं. वर्षभर मी शिवायचे आणि उसवायचे, तुम्ही गिऱ्हाइकाला खुशाल सांगायचात, धाकटीचा हात बसतोय, दोन दिवस थांबा. माझ्या हाताला आज जे काही येतं ते तुमच्यामुळं. हे तुमच्यासमोर म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, बाहीची उंची बघ आधी.

तर क्षणवीराच्या त्या निळ्या डगल्याची गोष्ट. कॉलनीतल्या एका पोरीला शाळेच्या गॅदरिंगला क्षणवीर व्हायचं होतं. आपला टीव्ही काळा-पांढरा, सगळ्या कॉलनीतले टीव्ही काळे-पांढरे. डगल्याचा रंग कोणता, हे कोणालाच माहीत नव्हतं. तुम्ही त्या रविवारी पडद्याकडे रोखून पाहिलंत आणि म्हणालात, 'निळा हाय.'

'कशावरून?'

'दिसतोय की.'

आणि खरं सांगते, तुम्ही म्हणालात तसा मलाही तो निळाच दिसायला लागला. मेन रोडवरून निळं पॉपलिन आणलं. तुम्ही कापलं, मी शिवलं, पोरं वाढत्या अंगाची म्हणून शिवणीत चांगली माया सोडली. मग दुसरीला हवा, मग तिसऱ्याला. जयंतीच्या मिरवणुकीत बँडच्या पुढं निळ्या क्षणवीरांची रांगच चालली होती. लोक थांबून बघत होते. तुम्ही कडेला उभ्या राहून एकेकाच्या खांद्याची शिवण तपासत होतात.

आता त्या नदीच्या भागाबद्दल. आतापर्यंत मी त्याच्याभोवती फिरतेय, तुम्हाला कळलंच असेल.

क्षणवीराचा धाकटा भाऊ लहानपणी नदीत बुडालेला असतो. तो चाक फिरवून त्याच दिवसावर जातो, काठावरच्या झाडामागं उभा राहतो. भाऊ समोर वाळूत खेळतोय. हाक मारली की वाचणार. पण चाक देणाऱ्या म्हाताऱ्यानं सांगून ठेवलेलं असतं, गेलेल्याला वाचवलंस तर त्याच्यानंतर जे जन्मलं ते पुसलं जाईल. आणि इकडं घरी त्याची छोटी बहीण, भावानंतर झालेली, पडद्यावर फिकट फिकट होत जाते. तो तसाच परत फिरतो.

आपल्या घरात कोणी हललं नाही, कारण ही गोष्ट आपल्याच घरातली होती. मी मिलिंदला पाहिलेलं नाही. दुष्काळाच्या पुढच्या उन्हाळ्यात तो तापानं गेला, चार वर्षांचा होऊन. ओझरच्या कारखान्यातली भाऊजींची नोकरी तेव्हा नवी होती आणि एक मूल पुरे असं तुमचं दोघांचं ठरलेलं होतं. तो गेला म्हणून उजू झाली. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणीच बोलत नव्हतं. उजूला कोणी कधी सांगितलं, मला माहीत नाही. पण तिला ठाऊक होतं.

भाग संपला. उजू तिथूनच, सगळ्यांच्या देखत म्हणाली, 'आई, तुझ्याकडं चाक असतं तर तू दादाला वाचवलं असतं?'

तुम्ही उठलात. 'दूध उतू जाईल,' म्हणालात आणि आत गेलात. दूध सकाळीच तापवून झालं होतं.

तिनं पुन्हा विचारलं नाही. हसायची, खेळायची, शाळेत जायची, सगळं तसंच. फक्त त्या वर्षी वाढदिवसाला नवा फ्रॉक नको म्हणाली. दोन शिवणकाम करणाऱ्या बायांच्या घरातली पोरगी, आणि फ्रॉक नको. मला राहवलं नाही. त्याच दुपारी तुम्हाला गाठलं.

'ताई, तिला काहीतरी सांगा.'

'काय सांगू?'

'सांगा, नसतं वाचवलं.'

'खोटं बोलू?'

'मग सांगा, वाचवलं असतं.'

'ते पण खोटंच हाय,' म्हणालात आणि खडूनं कापडावर रेघ ओढत राहिलात.

मला राग आला होता, तुमच्यापेक्षा त्या लेखकाचा जास्त. त्यानं काठावर भाऊ उभा केला. भाऊ परत फिरू शकतो, तो वीर आहे, त्याला पुढच्या रविवारी महाविलंबाशी लढायचंय. तिथं आई उभी करून दाखवायची होती. मग कळलं असतं त्याचा म्हातारा आणि त्याचा नियम कितपत टिकतो ते. दोघांतलं एक निवड, असं ज्याला सुचतं त्यानं कधी घर चालवलेलं नसतं. हे मी तुम्हाला म्हटलं तर तुम्ही पहिल्यांदाच मालिकेची बाजू घेतली नाहीत.

पुढं थंडीच्या दिवसांत देवळाली कॅम्पातून एका फौजी साहेबांच्या बाई ब्लाउज शिवून घ्यायला आल्या. दोरीवर टांगलेला डगला बघून त्यांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, क्षणवीर. त्या हसायलाच लागल्या. 'अरे, वो तो चॉकलेटी है. हमारे यहाँ कलर में आता है ना.'

माझे कान तापले. एवढे डगले, ती मिरवणूक, सगळं चॉकलेटी व्हायला हवं होतं. त्या गेल्यावर मी म्हटलं, 'ताई, आता काय करायचं? हातातले तरी बदलू.' बाहेर पोरांना कळलं होतं, त्यांनी दारातून ओरडून सांगितलं, चॉकलेटी नको. तुम्ही कात्री उचललीत.

'कशाला बदलायचं? आपण बघितला तो निळाच होता.'

'पण खरा तो तसा नाही ना.'

'त्यांच्याकडं नसंल.'

मग तुम्ही आपण होऊन बोललात. मान वर न करता.

'मंदे, तो नदीचा भाग पण मी येगळाच बघितला.'

'म्हणजे?'

'तो उगा झाडामागं लपला. मी लपले नसते. मी सकाळच्यालाच गेले असते. त्याला आंघोळ घातली असती. वरण-भात कालवून चारला असता. वांगं आवडत नव्हतं त्याला, ते दिलं नसतं. मंग दुपारचा थोपटून झोपवला असता, आणि निघाले असते.'

'निघाला असता? त्याला तिथं सोडून?'

'मंग? शाळा सुटायच्या आत घरी याया नको?'

'कोणाची शाळा?'

'उजूची.'

तुम्ही ते इतक्या साधेपणानं म्हणालात, दळण टाकून येते म्हणावं तसं. ज्या बाईला मागं काही नको होतं, तिनं तिकडची एक सकाळ आखून ठेवली होती, भाजीसकट. आणि मला गप्प बसता आलं नाही. मी विचारलं, 'पण तो पुढं आजारी पडणार, जाणार, हे माहीत असून?' तुम्ही उत्तर दिलं नाहीत. कात्री चालत राहिली. त्या दिवशी तुम्ही कापलेली बाही एका अंगानं आखूड झाली. एवढ्या वर्षांत ती एकच. मी जोड लावून निभावलं आणि आपण दोघीही त्यावर बोललो नाही.

'उजूला सांगा हे,' मी जाताना म्हटलं.

'सांगीन. जरा मोठी होऊ दे.'

मग तुमचं दुखणं निघालं आणि दवाखान्यात उजू तुमच्या उशाशी बसून जेवणाचा डबा उघडायची, झाकण लावायची. तिच्यासमोर तुम्ही अभ्यासाचं विचारायचात. ती गेली की माझ्याकडे बघायचात. मला वाटायचं, आज सांगतील. तुम्हालाही तसंच वाटत असेल.

मालिका पहिल्यापासून दाखवतायत म्हटल्यावर नदीचा भाग कधी येणार, हे मला कळत होतं. काल रात्री फ्यूज काढून ठेवावा असंही मनात आलं. मग वाटलं, काढून काय उपयोग, भाग तिला पाठ आहे. तिच्या मनात तो दोन वर्षं चाललाय.

आज सकाळी तो लागला. भाऊजी चप्पल घालून फिरायला निघून गेले. मी मशीन बंद ठेवून उजूच्या शेजारी बसले. दुसऱ्यांदा पाहिला तर तो म्हातारा अजूनच बडबड्या वाटला, सगळं समजावून सांगतो, जसं काही आपल्याला कळणारच नाही. पण भाऊ वाळूत खेळतो तेव्हा तिथं वाजंत्री नाही, शंख नाही, नुसतं पाणी वाहतंय. ते ज्यानं केलं त्याला काहीतरी माहीत होतं. एवढं श्रेय त्याला द्यायला हवं, ताई, आणि तुम्ही असता तर ते मी तुमच्यासमोर दिलं असतं.

पोरं पांगली. उजू उठली नाही.

'काकी, तेव्हा आई उठून आत गेली होती ना?'

'हो.'

'दूध नव्हतं.'

'नव्हतं,' मी म्हटलं.

मग मी तिला सांगितलं. कॅम्पातल्या बाई आल्या तिथपासून. आंघोळ, वरण-भात, वांगं, थोपटून झोपवणं, आणि शाळा सुटायच्या आत परत निघणं. मी पुढं काय विचारलं तेही सांगितलं, आणि तुम्ही उत्तर दिलं नाहीत हेही. बाही आखूड झाली, तेसुद्धा. एकही गोष्ट गाळली नाही, कारण अर्धं सांगितलेलं तिला ओळखू येतं. ती ऐकत होती, टीव्हीच्या बंद काचेकडे बघत. मला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता आणि मी पुढं झुकून बघितलाही नाही.

मला वाटलं, चुकलं माझं. तुम्ही तेरा वर्षांच्या पोरीला हे असं सांगितलं नसतंत.

'पण आई मला शाळेत घ्यायला कधी आलीच नाय,' ती म्हणाली. 'सगळ्यांच्या आया यायच्या. मी एकटीच यायची.'

कामं असायची, कापड असायचं, हे सगळं खरं होतं, पण ते तोंडातून निघेना. तिनं हाताच्या पालथ्या बाजूनं नाक पुसलं.

'दार उघडं असायचं पण,' ती म्हणाली. 'रोज.'